आपाची सवड

आपा कुणाचंही टाइमटेबल झोपेपासून लिहायला घ्यायची. बाकी सगळी दुनिया पहाटे उठण्यापासून सुरुवात करते. पहाटे गणित, मग आंघोळ, मग विज्ञान, आणि झोप बिचारी कागदाच्या तळाशी, उरलेल्या जागेत अंग चोरून. आपा मात्र पेनचं टोपण काढता काढता पहिला प्रश्न विचारायची, "झोपशीन किती?" समोरचा ऐटीत म्हणायचा, पाच तास. आपा त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. "खरं सांग बावा. मी काही तुह्या घरी सांगाले चालली नाही." मग तो सातावर यायचा. आपा आठ लिहून मोकळी व्हायची.

झोपेनंतर जेवण, नळाला पाणी येण्याची वेळ, येण्याजाण्याचा प्रवास, दळण, धाकट्या भावंडांना शाळेत सोडणं, असं सगळं ती विचारून विचारून लिहायची. अभ्यासाचं नाव नाही. समोरचा चुळबुळ करायला लागला की म्हणायची, "जे टळत नाही ते पहिले लिहा. अभ्यास उरल्यात बसते." अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षा जवळ आली की कँटीनच्या मागच्या बाकावर तिच्यापुढे पोट्ट्यांची रांग लागायची, ज्योतिष्यापुढे लागते तशी. मी बाजूला बसून समोसे खायचे आणि मनात म्हणायचे, हिला या नसत्या उठाठेवी कोणी सांगितल्या आहेत? मला लवकर राग येतो, तेव्हाही यायचा. पण त्या रांगेत मीही उभी राहिलेली आहे.

तिचं नाव नसरीन. डिप्लोमा करून ती थेट दुसऱ्या वर्षाला आमच्यात आली, म्हणून वयाने आमच्याहून थोडी मोठी. पहिल्याच दिवशी मागच्या बाकांवर पोरांचा दंगा चालला होता आणि सर दारातच ताटकळले होते. ही नवी मुलगी उठली आणि अगदी सावकाश म्हणाली, "बसा ना गा खाली. सरायले दारात उभं ठेवून राहिले तुमी." ओरडली नाही, काही नाही. सगळे बसले. वलगावचा गजू, जो पुढे आमच्या टोळीत आला, तो बसता बसता म्हणाला, "हव आपा." झालं, त्या दिवसापासून ती सगळ्या कॉलेजची आपा, मोठी बहीण. आमचे विभागप्रमुख मोठे रागीट, पण हजेरी घेताना त्यांच्याही तोंडून एकदा "आपा आली नाही का आज?" असं निघून गेलं होतं.

ती अकोल्याहून अपडाऊन करायची. सकाळची गाडी पकडून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने कॉलेज, संध्याकाळी तसंच उलटं. तिच्या काळ्या ओढणीवर नेहमी कापसाचे बारीक तंतू असायचे. मी ते वेचून काढायला गेले की म्हणायची, "राहू दे वं. हे माह्या घरचं आयकार्ड हाये." तिच्या अब्बांचं अकोल्याच्या जुन्या शहरात गाद्यांचं दुकान होतं. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे घर. अम्मी ती शाळेत असतानाच गेलेली, भाऊ सुरतेला कामाला. त्यामुळे घरात माणसं दोनच, अब्बा आणि आपा.

गाडीतसुद्धा तिची पेन-कागदाची सवय सुटलेली नव्हती. मूर्तिजापूरला एक मेथीवाली बाई लेडीज डब्यात चढायची. तिची मुलगी दहावीला होती. आपाने आधी त्या मेथीवालीलाच विचारलं, "मावशी, तुमी परत किती वाजता येता? पोट्टी एकटीच करते का सैपाक?" त्या उत्तरावरून तिने मुलीचं टाइमटेबल लिहिलं. त्यानंतर संध्याकाळच्या परतीच्या गाडीत ती बाई रोज आपासाठी जागा धरून ठेवायची, आणि मी कधी अकोल्याला निघाले की मलाही तिच्याशेजारी बसायला मिळायचं. गाडीत मेथीचा वास आणि आपाच्या गप्पा. अकोला फार लवकर यायचं.

आमच्या भागात गादीचं आणि पिकाचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. कापूस विकला गेला की पोरीचं लग्न निघतं, लग्न निघालं की गाद्या शिवायला पडतात. मी सांगते आहे ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायला भीती वाटायची, आजूबाजूच्या गावांची नावं असायची त्यात. लग्नं पुढच्या वर्षावर जायची, पुढच्या वर्षी त्याच्याही पुढच्या. अब्बांच्या मशीनवर जुनी चादर घातलेली असायची आणि अब्बा दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचा सलाम घ्यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "बसा बाई. काम काही नाही, चहा भरपूर हाये." घरात ओढाताण असणारच, पण आपाने ती कधी कॉलेजात आणली नाही. उलट त्या दिवसांत तिच्यापाशी वेळ होता. लोकांची टाइमटेबलं लिहीत बसण्याइतका वेळ.

तिसऱ्या वर्षाला विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेची नोटीस लागली. विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं काहीतरी वेब ॲप बनवायचं, नुसती कल्पना नको, चालणारं हवं, अंतिम फेरी नागपूरला. गजू, मी आणि आपा अशी आमची टीम झाली. कोडिंग माझ्याकडे, रंगरूप गजूकडे. आपाने काय करायचं, असं मी विचारलं तर गजू म्हणाला, "आपा म्हणजे डोकं. बाकी आपण हातपाय." काय बनवायचं हा प्रश्नच नव्हता. कँटीनच्या मागच्या बाकावर जे चालायचं तेच. मुलाने आपली माहिती भरायची आणि ॲपने त्याला अभ्यासाचं वेळापत्रक मांडून द्यायचं.

नावावरून मात्र आमचं जुंपलं. गजूला 'टॉपर' शब्द असलेलं इंग्रजी नाव हवं होतं. मी म्हटलं, फुरसत ठेवू, सगळ्यांना कळतं. आपा हसायला लागली. "फुरसत नको वं. अब्बा म्हणतीन, ते तं दुकानात लय पडली हाये, पाहिजे तेवढी घेऊन जा." मग तिनेच सुचवलं, सवड. मला तो शब्द आजीबाईचा वाटला होता. आता कोणी तो सहज बोलण्यात वापरला तरी मी क्षणभर थांबते.

मी फॉर्मवर एक प्रश्न टाकला होता, 'तुम्ही रोज किती वेळ वाया घालवता?' मला तो फार हुशारीचा वाटला होता. आपाने वाचला आणि म्हणाली, "हे काढ." मी म्हटलं, का? तर म्हणाली, "असं इचारलं की माणूस खोटं बोलते. तुले कोनी असं इचारलं तं तू सांगशीन का?" मी सांगितलं नसतं, हे खरं. त्या जागी तिने लिहायला लावलं, 'तुम्हाला दिवसात निवांत बसायला कधी आवडतं?' त्या प्रश्नाला मुलं भरभरून उत्तरं द्यायची. कोणी लिहायचं, म्हैस दोहून झाल्यावर. कोणी लिहायचं, आई झोपल्यावर.

स्पर्धेची अट अशी की ॲप आधी खऱ्या मुलांनी वापरून पाहिलेलं असावं. आपाच्या मामूंचं तेल्हाऱ्यात नेट कॅफे होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली बारावीची मुलं तिथे फॉर्म भरायला यायची. मामूंनी त्यांनाच बसवलं. मी मोठ्या हौशीने रविवार उजळणीचा ठेवला होता. आठवडाभर थोडं थोडं, रविवारी सगळं. आणि रविवारी एकही मूल काही करत नव्हतं. मी चिडले. म्हटलं, एवढा रिकामा दिवस मिळतो आणि ही पोरं लोळत पडतात. आपा म्हणाली, "रिकामा तुले. शाळेले सुट्टी असली की त्यायले कापूस वेचाले जा लागते."

गावात कामाला खरी सुट्टी असते ती बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी वावरात कोणी जात नाही, घरचे बाजाराला जातात आणि घर शांत असतं. आठवडा मोजतात तोही बाजारापासून बाजारापर्यंत. मी अमरावतीत वाढलेली, मास्तरांची मुलगी. हे मला माहीत असून माहीत नव्हतं. मग आमच्या ॲपमध्ये झोपेच्या खालोखाल दुसरा प्रश्न आला, 'तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो?' गजूने त्याच्या शेजारी भाजीच्या टोपलीचं चित्र काढलं. त्या वारापासून आठवडा सुरू व्हायचा. मुलं वापरायला लागली. मामूंचा फोन आला की पोट्टे गेम सोडून तुमचंच उघडून बसतात, माझा धंदा बुडवता का?

आता जे सांगायचं ते गणिताचं. दुसऱ्या वर्षाच्या त्या पेपराला आम्ही एम थ्री म्हणायचो. डिप्लोमाहून आलेल्या मुलांना तो फार जड जातो, कारण त्याच्या आधीचं गणित त्यांनी आमच्यासारखं केलेलं नसतं. आपाचा तो राहिला होता. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा दिला, थोडक्यात गेला. उन्हाळ्यात सुटला नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, घरी बसायचं. आपाला काय हवं होतं हे ती कधी बोलायची नाही. एकदाच, बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना म्हणाली, "पल्लवी, मले कोनाले काही करून दाखवायचं नाही. मले फक्त सकाळी तयार होऊन ऑफिसले जायचं हाये. स्वतःच्या टेबलावर बसायचं हाये." बस, एवढंच तिचं मागणं. ते ऐकल्यापासून एम थ्री माझाही पेपर झाला.

आणि नेमकं त्या वर्षी पीक चांगलं आलं. भावही बरा निघाला. संक्रांतीच्या आसपास आपा कॉलेजात जिलबी घेऊन आली. अब्बांच्या मशीनवरची चादर निघाली होती. "लग्नंच लग्नं निघाली वं," ती सांगत होती, "थांबलेली बी अन् नवी बी." तिचा चेहरा इतका फुललेला होता की मी आपल्या वाटणीच्या संपवून गजूच्याही जिलब्या खाल्ल्या. अकोला, तेल्हारा, पातूरची बाजू, सगळीकडून गाद्या शिवायला पडत होत्या. आपाच्या ओढणीवरचे तंतू वाढले. मग ती दुपारीच निघायला लागली. मग आठवड्यातला एखादा दिवस यायचीच नाही.

नागपूरच्या फेरीआधी आम्ही लॅबमध्ये ॲप शेवटचं तपासत होतो. मी आपाला म्हटलं, तू तुझीच माहिती भर, अगदी खरीखुरी. तिने भरली. झोप, प्रवास, कॉलेज, स्वयंपाक, गादी भरणं, गादी शिवणं. बटण दाबलं. स्क्रीनवर विषय आला, गणित, आणि त्याच्यासमोरचे सगळे चौकोन रिकामे. बाजाराच्या दिवशीही रिकामा. मी म्हटलं, बग आहे. गजूने पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा तेच. मी कोड उघडला आणि शिव्या देत देत वरपासून वाचायला लागले, कुठेतरी वजाबाकी चुकली असणार म्हणून. आपाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कायले शोधून राहिली? बरोबर दाखवून राहिलं ते."

मी वळून पाहिलं. तिला ते आधीपासून माहीत होतं, फक्त असं कोणी मांडून दाखवलं नव्हतं. गजू उगाच माउस हलवत राहिला. मला रडू येत होतं आणि ते माझ्याकडून रागावाटे बाहेर पडलं. म्हटलं, झोप कमी कर मग. थोडे दिवस कमी झोपलीस तर मरत नाहीस. "झोपेत हात नाही घालायचा," ती म्हणाली, "सुई बोटात जाते. अन् दुसऱ्या दिवशी गणित बी डोक्यात जात नाही."

थोड्या वेळाने गजू म्हणाला, "आपा, पण असं कोरं ठेवलं तं लोकायले वाटन ॲप बंद पडलं. अठी काहीतरी लिहा लागन." मी म्हटलं, लिही, 'नियोजन सुधारा'. आपाने खुर्ची ओढली, कीबोर्ड आपल्याकडे घेतला आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं, 'आज वेळ नाही. यात तुमची चूक नाही.' मी म्हटलं, हे स्पर्धेत चालणार नाही, आपण अभ्यासाचं ॲप बनवतो आहोत. ती म्हणाली, "न चालू दे. एखादी पोट्टी हे पाहीन ना, तिले कोनीतरी सांगाले पाहिजे." ते वाक्य राहिलं.

मग मी आणि गजूने ठरवलं, वेळ नाही ना, आपण काढून देऊ. एका रविवारी आम्ही अकोल्याला जाऊन आपाच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिला पुस्तक देऊन आत बसवलं. गादीला टाके घालण्यात काय मोठं, असं आम्हाला वाटलं. अब्बा म्हणाले, "शिवा बापा." संध्याकाळपर्यंत आमची एक गादी झाली. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला नाला. अब्बांनी ती चारही बाजूंनी पाहिली, आमच्या हातात चहा दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगली हाये. पण नवरा-नवरी दोघंही एकाच कोपऱ्यात येतीन." आपा आम्हाला स्टेशनवर सोडायला निघाली तेव्हा त्यांनी ती उसवायलाही घेतली होती. म्हणजे आमच्या मदतीने तिचं काम दुप्पट झालं. गाडीत गजू बोटं चोखत बसला होता आणि मी त्याला शिव्या देत होते.

पुढच्या खेपेला मी एकटीच गेले आणि उलटं केलं. ती शिवायची, मी एम थ्री मोठ्याने वाचायचे. सूत्रं तिला धडाधड पाठ झाली. मी लाप्लासचं सूत्र अर्धं म्हटलं की टाका ओढता ओढता पुढचं ती म्हणायची. मागे मशीनची घरघर, हवेत कापूस, माझ्या नाकातोंडात कापूस. मधेच अब्बा विचारायचे, "ये लाप्लास कौन है बेटा? आदमी अच्छा है ना?" आम्ही दोघी हसून हसून आडव्या. त्या दुकानात मी जितकी सुखी होते तितकी नंतर फार थोड्या ठिकाणी झाले.

पण गणित ऐकून सुटत नाही. दोन ओळी तोंडी होतात, तिसऱ्या ओळीला कागद लागतो, आणि तिचा हात सुईत गुंतलेला. ती म्हणायची, "थांब वं, एवढी बाजू होऊ दे." बाजू होईपर्यंत उदाहरण निसटलेलं असायचं. मग आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून. मी मनातून सारखी त्या गाद्या शिवायला टाकणाऱ्यांवर चिडायचे, आणि लगेच वाटायचं, अगं, किती वर्षांनी त्यांच्या घरी मांडव पडतो आहे.

नागपूरला परीक्षक दोन होते, एक बाई आणि एक सर. बाईंनी विचारलं, "एखाद्याकडे वेळच नसेल तर तुमचं ॲप काय करतं?" गजूने माझ्याकडे पाहिलं, मी आपाकडे. आपाने स्वतःचंच पान उघडून दाखवलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. सर म्हणाले, "यातून प्रेरणा कशी मिळणार? मुलांना आयती सबब होईल." आपा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "सर, ज्याला सबब पाहिजे तो टाइमटेबल बनवायला येतच नाही. जो येते त्याला अभ्यास करायचा असते." सर हसले, बाई नाही हसल्या. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस ज्या ॲपला मिळालं ते पहाटे भोंगा वाजवून उठवायचं.

परतीच्या गाडीत मी त्या भोंग्यावर तोंडसुख घेत होते. आपा म्हणाली, "जाऊ दे ना वं, लोकायले उठवायचीच हौस हाये," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत मी खांदा हलवला नाही. तिच्या केसांना नव्या कापसाचा वास होता. तिला अकोल्यापर्यंत जायचं होतं, मी बडनेऱ्याला उतरताना तिला उठवायचं जिवावर आलं होतं. समोरच्या बाईंना सांगून ठेवलं, अकोला आलं की हिला उठवा. प्रमाणपत्र अब्बांनी काच लावून मशीनच्या वर टांगलं.

उन्हाळ्यातली लग्नं आणि आमच्या परीक्षा एकाच महिन्यात येतात. आपाने पेपर दिला. मी बाहेर झाडाखाली थांबले होते. ती सगळ्यांच्या शेवटी आली. "कसा गेला?" म्हटलं. "येत होतं वं सगळं," ती म्हणाली, "हातच नाही चालला. अर्धं लिहूनच राहिलं." लिहायची सवयच झाली नव्हती ना तिला. डोक्यात सगळं होतं. पाणी प्यायली आणि तशीच ऑटोत बसून गेली, दुसऱ्या दिवशी पातूरकडच्या गाद्या द्यायच्या होत्या.

निकाल लागला. थोडक्यात राहिला, पुन्हा थोडक्यात. मी रडत रडत फोन केला तर तिने आधीच पाहिला होता. "तू रडून कायले राहिली? तुहा फॉर्म भर शेवटच्या वर्षाचा, रांग असते तठी." मी भरला. गजूनेही भरला. शेवटचं वर्ष कसं गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. कँटीनच्या मागच्या बाकावर कोणीतरी पहिल्या वर्षाची मुलं बसायला लागली होती. आम्ही दोघं तिकडे फिरकत नव्हतो.

मला पुण्यात नोकरी लागली. अमरावतीहून पुण्याची गाडी अकोल्यावरून जाते. आपा फलाटावर आली होती, घरच्या कपड्यांत, बाह्यांना कापूस तसाच. खिडकीतून तिने माझा हात धरला. मी म्हटलं, "या वर्षी फॉर्म भरशील ना? शपथ घे." ती म्हणाली, "भरतो वं, भरतो." मग म्हणाली, "तठी गेल्यावर टेबल खिडकीजवळचं घेजो." गाडी हलली. ती थोडं अंतर गाडीबरोबर चालली आणि मग थांबली.

त्या वर्षीही मशीन चालू होतं. तिने फॉर्म भरला नाही. पुढच्या वर्षी भरला आणि पेपराच्या आदल्या दिवशी अब्बा घसरून पडले. नंतर अभ्यासक्रमच बदलला आणि तिचा तो पेपर बंद झाला. आता दुकान तीच चालवते. अब्बा पायरीवर बसतात. भाऊ सुरतेलाच आहे.

ती मला फोन करते. पहिली काही वर्षं मला त्यातलं काही कळलं नाही. कधी महिनोन्महिने नाही, मी केला तर "मंग करतो वं, हात गुंतले हायेत" म्हणून ठेवून देते. आणि कधी कधी तासभर, पुन्हा दोन दिवसांनी तासभर. माझ्या ऑफिसातली भांडणं, माझ्या मुलीची शाळा, गजूची वाढलेली ढेरी, तिला सगळं तपशिलात हवं असतं. अशीच एकदा आम्ही खूप हसलो आणि मी सहज विचारलं, आज दुकान बंद आहे का गं? "चालू हाये," ती म्हणाली, "पण बोंडअळीनं खाल्लं ना यंदा सगळं. लग्नंच नाहीत." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या वर्षी तिकडे कापूस हातचा जातो, त्याच वर्षी आपाला माझ्याशी बोलायला वेळ असतो.

त्यानंतर तिचं नाव स्क्रीनवर दिसलं की जीव आधी हरखतो आणि मग कुठेतरी बारीक होतो. मी तिला ते कधी सांगितलं नाही. सांगितलं तर ती फोनच करणार नाही.

परवा वलगावहून गजूचा फोन आला. म्हणाला, "यंदा कापूस झकास हाये, पल्लवी. सगळीकडे पांढरंच पांढरं." मी म्हटलं, छान झालं रे. खरंच छान झालं. दिवाळीपासून आपाचा फोन नाही. तो येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि फोन वाजला की तो तिचाच असावा, असंही वाटतं.